दहा यार्डांची साखळी

ऑस्टरबी, नेब्रास्का
६ जून २०२२

प्रिय डॉयल,

माझं अक्षर ओळखून पाकीट न फोडताच फेकून देशील, म्हणून पत्ता पोस्टातल्या मुलीकडून लिहून घेतला. फोन केला असता तर तू ठेवून दिला असतास. फोडलेलं पत्र मात्र माणूस वाचतोच.

हार्लनला जाऊन दोन महिने होतील. सख्खा भाऊ असून तू आला नाहीस. पांढऱ्या फुलांचं चक्र तेवढं आलं. त्यावर नाव नव्हतं, पण दुलुथच्या दुकानाची चिठ्ठी काढायची राहून गेली होती, आणि दुलुथमध्ये आमचं दुसरं कुणी नाही. फुलं चांगली होती.

तू माझा दीर खरा, पण त्याआधी वर्गमित्र. सातवीला भूगोलाच्या पेपरात माझं बघून लिहिलंस आणि पास झालास. आता माझी पाळी. मला फुटबॉल शिकव.

हसू नकोस. एक्केचाळीस वर्षं हार्लन दर शुक्रवारी शाळेच्या मैदानावर, पलीकडच्या कडेला, मापाच्या साखळीचा मागचा दांडा धरून उभा राहिला. आणि एक्केचाळीस वर्षं मी अलीकडच्या टपरीत मैदानाकडे पाठ करून राजमा-खिम्याची चिली ढवळली आणि दालचिनीचे रोल भाजले. रोल संपले तर आपण जिंकलो, उरले तर हरलो, एवढाच माझा फुटबॉल.

परवा साखळीवाल्यांचा म्होरक्या व्हर्जिल घरी आला. हातात हार्लनचं नारिंगी जाकीट. म्हणाला, "दांडा त्याच घरात राहावा अशी इथली रीत आहे, पण तुम्हाला मूलबाळ तर नाही." मी म्हटलं, "मी काय मेले आहे?" बिचारा दारातच घुटमळला. शेवटी ठरलं ते असं, की दोन सप्टेंबरला घरचा पहिला सामना. त्याआधी मी मैदानावर उभं राहून तो विचारेल त्याचं उत्तर द्यायचं. नाही जमलं तर दांडा बर्डेटच्या जावयाला.

आणि बर्डेट धान्याच्या कोठारावर सगळ्यांसमोर काय म्हणाला ऐक. "त्या घराच्या हातात दांडा एकदा हललाय. पुन्हा कशाला विषाची परीक्षा?" कुठला 'एकदा' ते तुला मी सांगायला नको. एकोणतीस वर्षं हे टोमणे ऐकतेय. "हार्लन, पाय रोवून उभा राहा रे," म्हणून लोक खिदळायचे. तो कधी उलट बोलला नाही. मला त्याचा दांडा हवाय, डॉयल. इथल्या पुरुषांना विचारलं तर आधी हसतील आणि मग चुकीचं सांगतील. तू सोळा वर्षं कोच म्हणून इथल्या पोरांना शिकवलंस.

आर्डिस


दुलुथ
१७ जून

आर्डिस,

मी आता कुणाला शिकवत नाही. पण पत्र इथेच थांबवलं तर तू व्हर्जिलला विचारशील आणि त्याने सांगितलेलं खरं धरशील, म्हणून लिहितोय.

मैदान शंभर यार्ड लांब. दर पाच यार्डांवर पांढरी रेघ. दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा, तो गोलचा. एका वेळी अकरा विरुद्ध अकरा. एका संघाकडे चेंडू असतो, त्याने तो समोरच्या पट्ट्यात न्यायचा. दुसऱ्याने अडवायचं. बाकी सगळं या दोन वाक्यांची शेपटं आहेत.

नेणाऱ्यांना चार खेपा मिळतात. एका खेपेला डाऊन म्हणायचं. चार डाऊनमध्ये निदान दहा यार्ड पुढे गेलं पाहिजे. गेलं की पुन्हा पहिल्यापासून चार. नाही गेलं तर चेंडू आहे तिथे समोरच्याच्या हातात. तुझी साखळी त्यासाठी. ती बरोबर दहा यार्डांची असते, दोन टोकांना दोन दांडे. मागचा दांडा पहिला डाऊन सुरू झाला तिथे, पुढचा जिथवर पोचायचं तिथे. तिसऱ्याच्या हातात आकड्यांची पाटी, कितवा डाऊन ते दाखवायला.

चेंडू घेऊन पळता येतं किंवा पुढे फेकता येतो. पुढे फेकणं एका डाऊनला एकदाच, तेही जिथून खेळ सुरू झाला त्या रेषेच्या मागूनच. झेलला तर ठीक. जमिनीवर पडला तर खेप फुकट, चेंडू पुन्हा जुन्या जागी. 

एवढं पाठ कर. त्या जुन्या सामन्याबद्दल मला लिहू नकोस.

डॉयल


ऑस्टरबी
२७ जून

प्रिय डॉयल,

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण शिकवतोस छान.

तुझं पत्र फ्रिजवर लावलंय. कपडे वाळत घालायची दोरी मोजून तीस फुटांवर कापली आणि परसात व्हरांड्याच्या पायरीपासून प्लमच्या झाडापर्यंत ताणली. पायरी म्हणजे मागचा दांडा, झाड म्हणजे पुढचा. भोपळा बगलेत मारून चार खेपांत झाडापर्यंत जाऊन पाहिलं. शेजारची आयलीन कुंपणापलीकडून बघत होती. तिने संध्याकाळी आजाऱ्याला नेतात तसं जेवणाचं भांडं आणून दिलं, आणि माझी तब्येत बरी आहे ना म्हणून दोनदा विचारलं.

आता शंका. टीव्हीवर जुना सामना पाहिला. चौथी खेप आली की लोक चक्क लाथ मारून चेंडू समोरच्याला देऊन टाकतात! एवढा दिलदारपणा कशासाठी? एक खेप हातात आहे ना? आणि खेळ सुरू व्हायच्या आत पंच मधेच पिवळा रुमाल का फेकतो? त्याला काय शिंक आली?

आर्डिस


दुलुथ
८ जुलै

आर्डिस,

रुमाल म्हणजे चूक पकडली. चेंडू हलायच्या आधी एखादा उतावळा पुढे घुसला किंवा हलला, तर त्याचा संघ पाच यार्ड मागे. धरून ओढलं तर दहा. अंगावर येऊन धोकादायक मारलं तर पंधरा. चूक जितकी मोठी तितकं मागे जायचं, एवढं लक्षात ठेव.

गुण असे. चेंडू समोरच्या पट्ट्यात नेला की टचडाऊन, सहा गुण. त्यावर एक जादा संधी असते. लाथेने खांबांमधून घातला तर एक, पुन्हा पट्ट्यात नेला तर दोन. टचडाऊन जमत नसेल तर लांबूनच खांबांमधून लाथाडायचा, त्याचे तीन. चेंडूवाल्याला त्याच्याच पट्ट्यात लोळवला तर अडवणाऱ्यांना दोन, ते क्वचितच.

आता चौथा डाऊन. तो दिलदारपणा नाही, शहाणपण आहे. समज, तू स्वतःच्याच अर्ध्या मैदानात आहेस. चौथ्याला पुढे जायचा प्रयत्न केलास आणि अंगठाभर कमी पडलीस, तर समोरच्याला चेंडू तुझ्या उंबऱ्यावर मिळतो. त्यापेक्षा लाथ मारून दूर घालवायचा, म्हणजे त्याला लांबून चालत यावं लागतं. पोरं नेहमी म्हणतात, कोच, जाऊ या, एकच यार्ड आहे. बाकावरचे लोक ओरडतात. पण निर्णय कोचचा असतो, आणि चुकला तर तोही कोचचाच. पुढे असताना, थोडा वेळ उरलेला असताना, आपल्या अर्ध्यात, शहाणा माणूस लाथच मारतो. मी सांगतो ते ऐक, मी काय केलं ते बघू नकोस.

भोपळ्याऐवजी चेंडू विकत घे.

डॉयल


ऑस्टरबी
१८ जुलै

प्रिय डॉयल,

चेंडू घेतला. दुकानदाराने नातवासाठी का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

काल व्हर्जिलने मला मैदानावर नेलं. जाकीट मला गुडघ्यापर्यंत येतं. पलीकडच्या कडेला, हार्लन उभा राहायचा तिथे दांडा धरून उभी राहिले. समोर आपल्या लोकांचे बाक, आणि दोन बाकांच्या मधल्या फटीतून काय दिसतं सांगू? माझी टपरी. सरळ खिडकीतून आत, शेगडीपर्यंत. म्हणजे एक्केचाळीस वर्षं तो मला बघत होता आणि माझी त्याच्याकडे पाठ होती. मी तिथेच रडले. व्हर्जिल बिचारा आभाळाकडे बघत राहिला.

मग सावरले, आणि एक शंका आली ती विचारते. चेंडू मैदानाच्या मध्यावर, साखळी इकडे कडेला. नेमके दहा यार्ड झाले की नाही हे इतक्या लांबून कळतं कसं? आणि पळणारं पोरगं धडपडत बाहेर येऊन आपल्यावरच आदळलं, दांडा पडला, तर जागा हरवली म्हणायची का?

आर्डिस


दुलुथ
२५ जुलै

आर्डिस,

उघड्या डोळ्यांनी कळलं नाही तर पंच मोजायला लावतो. तेव्हा साखळी मैदानात आणतात आणि चेंडूशेजारी ताणतात. चेंडूचं पुढचं टोक पुढच्या दांड्याला पोचलं तर पहिला डाऊन. बोटभर कमी असलं तरी नाही.

पण साखळी कडेवरून मध्यावर उचलून आणताना पुढे-मागे होणारच. म्हणून चिमटा असतो. कडेला साखळी मांडली की तिच्यावर जिथे पाच यार्डांची रेघ येते, तिथे साखळीच्या कडीला एक चिमटा लावून ठेवतात. मोजायची वेळ आली की एक जण तो चिमटा धरून मैदानात येतो आणि त्याच रेघेवर टेकवतो. रेघ सगळ्या मैदानभर आहे, ती हलत नाही. चिमट्यापासून पुढच्या दांड्यापर्यंतची साखळी तेवढीच राहते. त्यामुळे माप चुकत नाही. 

व्हर्जिल हे नक्की विचारेल. पाठ कर.

डॉयल


ऑस्टरबी
२९ जुलै

प्रिय डॉयल,

पाठ केलं. पण दोरीला कपड्यांचा चिमटा लावून परसात करून पाहिलं आणि माझं डोकं भणभणलं. तू जे लिहू नकोस म्हणालास तेच लिहिते.

त्या सामन्याबद्दल मला गावाने सांगितलेलं असं. १९९३चा नोव्हेंबर, प्रेअरी सेंटरशी सामना, आपण एका गुणाने पुढे, तीन मिनिटं उरलेली. तिसऱ्या डाऊनला एक पोरगा बाहेर फेकला गेला आणि हार्लनला घेऊन पडला. हार्लनने उठून दांडा पुन्हा रोवला. चौथ्या डाऊनला बर्डेटचा मुलगा चेंडू घेऊन घुसला, मोजलं, आणि चार बोटं कमी. चेंडू त्यांना मिळाला, त्यांनी खांबांमधून तीन गुण मारले, आपण हरलो. तू टोपी आपटलीस आणि सगळ्या गावासमोर भावावर ओरडलास, "तू दांडा पुढे रोवलास!"

माझा प्रश्न साधा आहे. चिमटा रेघेवर होता ना? मग मागचा दांडा हार्लनने पुढे रोवला काय नि नदीत नेऊन टाकला काय, मापाला काय फरक पडतो?

मी नवशिकी आहे. चुकत असेन तर सांग.

आर्डिस


ऑस्टरबी
१५ ऑगस्ट

डॉयल,

दोन आठवडे झाले. खाई त्याला खवखवे.

तू उत्तर देत नाहीस म्हणून मी व्हर्जिलला स्वयंपाकघरात बसवलं, पुढ्यात रुबार्बच्या केकचा तुकडा ठेवला आणि विचारलं. त्याने अर्धा खाल्ला, मग काटा खाली ठेवला. म्हणाला, "चिमटा लावलेला होता, आर्डिस. मीच लावला होता. आम्हा सगळ्यांना माहीत होतं."

"मग एकोणतीस वर्षं तोंडाला काय कुलूप लावलं होतंत?"

"हार्लनने लावलं. म्हणाला, माझा दांडा हलला म्हटलं तर गाव चार दिवस हसेल. कोचने चौथ्याला लाथ मारायला हवी होती असं म्हटलं तर माझ्या भावाची नोकरी जाईल. तुमच्यापैकी कुणी चिमट्याचं नाव काढलं तर मी दांडा खाली ठेवीन आणि पुन्हा तुमच्याशी बोलणार नाही."

चार दिवस म्हणे! बाकावर बसलेल्यांना चिमटा दिसत नाही रे, एवढीशी वस्तू. दांडा दिसतो आणि दांडा धरणारा दिसतो.

मला आता फक्त एवढंच सांग. तुला माहीत होतं का?

आर्डिस


दुलुथ
२१ ऑगस्ट

आर्डिस,

हो.

ओरडलो तेव्हा नव्हतं. तेव्हा डोळ्यांपुढे फक्त चार बोटं होती. आपल्या अठ्ठावीस यार्डांवर होतो. माझे दोन्ही सहायक म्हणत होते, लाथ मार. मी म्हटलं, एक यार्ड तर आहे. हरल्यावर सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं आणि मला हार्लन दिसला, दांडा धरून, पँटला चिखल लागलेला.

चिमटा रविवारी चर्चमध्ये आठवला. सगळे उभे राहून गात होते, मी खाली बसलो. तो पुढच्या बाकावर होता. त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, जाऊ दे म्हणतात तशी. त्या क्षणी उठून बोलायला हवं होतं. मी म्हटलं पुढच्या रविवारी बोलू. मग वाटलं नाताळात बोलू. मग लोक त्याला चिडवायला लागले, आणि तो हसून घ्यायला लागला, तेव्हा माझी छातीच होईना. 

गाव म्हणतं की मी भावावर रागावून गेलो. मी रागावलो नव्हतो. त्याच्या समोर उभं राहवत नव्हतं, म्हणून वसंतात राजीनामा देऊन पळालो. म्हणजे ज्या नोकरीसाठी तो गप्प बसला ती मी सहा महिन्यांत सोडली, आणि त्याने तरी तोंड उघडलं नाही. दर नाताळाला त्याचं कार्ड यायचं. मजकूर तोच, "खोली रिकामी आहे." सगळी कार्डं माझ्याकडे आहेत. एकालाही उत्तर दिलं नाही.

दफनाच्या दिवशी मी गाडी काढली होती. सू सिटीपर्यंत आलो आणि परत फिरलो.

नियमांतलं काही राहिलं असेल तर विचार. बाकी माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

डॉयल


ऑस्टरबी
२६ ऑगस्ट

डॉयल,

तुझं पत्र वाचून मुरगळलं आणि कचऱ्यात टाकलं. मग काढलं, कारण त्यात हार्लन होता.

मला तुझा संताप येतो. नाचता येईना अंगण वाकडं, हे आपण पोरांना सांगतो. चाळीस वर्षांच्या बाप्याने नाचता आलं नाही म्हणून भावाचं अंगण वाकडं म्हणावं, आणि मग अंगणच सोडून जावं? तो रोज संध्याकाळी व्हरांड्यात बसायचा तो कुणाची वाट बघत, हे मला आत्ता कळलं. मला वाटायचं वारा खातोय. 

त्याच्यावरही चिडलेय. बायकोला तरी सांगायचं. पण त्याला ठाऊक होतं, मला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोठारावर पोचलं असतं.

काल व्हर्जिलने परीक्षा घेतली. सगळी उत्तरं बरोबर आली. एक जास्तीचं सांगितलं, की चेंडूचं नुसतं नाक गोलच्या रेषेला लागलं तरी टचडाऊन होतो. ते त्यालाही धड सांगता येत नव्हतं. दांडा मला मिळाला. बर्डेट म्हणाला, "बघू या, या वेळी किती हलतो."

आता शेवटचं. व्हर्जिलच्या कमरेचं ऑपरेशन झालंय, त्याला वाकता येत नाही. चिमटा धरायला माणूस नाही. गुडघ्यावर बसून रेघेवर चिमटा टेकवायचा, एवढंच काम. तुझे गुडघे चालतात का?

शुक्रवारी सात वाजता. खोली रिकामी आहे.

आर्डिस


ऑस्टरबी
५ सप्टेंबर

प्रिय डॉयल,

शनिवारी सकाळी "पेट्रोल भरून येतो" म्हणून गेलास. ऑस्टरबीत पेट्रोलला दोन तास लागत नाहीत. परत आलास, डोळे लाल, दोन रोल पिशवीत घातलेस आणि दुलुथला निघून गेलास. मला वाटलं जुन्या गावाने गलबलला असेल. तू कुठे गेला होतास ते मला आज कळलं. तुझ्या पाठीमागे काय झालं ते तुला कळायला हवं.

पण आधी शुक्रवार. तिसऱ्या भागात पंचाने मोजायला बोलावलं तेव्हा माझे हात इतके कापत होते की दांडा वाजत होता. तू चिमटा घेऊन पुढे चाललास. बाकांवर कुजबुज झाली, म्हाताऱ्यांनी तुला चालीवरून ओळखलं. तू गुडघ्यावर बसलास, चिमटा रेघेवर टेकवलास आणि वर बघून म्हणालास, "हलू दे दांडा, आर्डिस. काही बिघडत नाही." माझा थरकाप तिथेच थांबला. आपली पोरं दोन बोटं कमी पडली. एकानेही माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं नाही. सामना जिंकलो, रोल संपले, आणि मी एकही भाजला नव्हता.

आता पुढचं. आज दुपारी मी टपरीत चिलीचं पातेलं घासत होते. बर्डेट आला. खिडकीशी उभा राहिला, टोपीची कड कुरतडत. सांगायला लागला, की शनिवारी सकाळी कॅफेत सगळे नेहमीसारखे कालचा सामना चघळत बसले होते, तेवढ्यात तू आत आलास. कॉफी मागितली नाहीस. मधल्या टेबलावरचे मीठमिरीचे डबे दांडे म्हणून मांडलेस, खिशातली घड्याळाची साखळी ताणलीस, तिला कागदांची पिन लावलीस आणि त्या बाप्यांना लहान पोरांसारखा चिमटा समजावून सांगितलास. मग म्हणालास, "बर्डेट, चूक तुझ्या मुलाची नव्हती. माझा भाऊ हलला नाही. मी लाथ मारायला सांगायला हवं होतं आणि मी खोटं बोललो." आणि कुणी काही बोलायच्या आत निघालास.

 मग व्हर्जिलने सगळ्यांची कॉफी पुन्हा भरली.

बर्डेट मला म्हणाला, "आर्डिस, मी एकोणतीस वर्षं... मला तुझ्याशी बोलायचंय."

मी म्हटलं, "माझ्याशी काय बोलतोस? मला कुठे कधी चिडवलंस? ज्याला चिडवलंस तो तिकडे आहे. मैदान ओलांडलं की दफनभूमीचं फाटक लागतं."

गेला बिचारा. तुला ठाऊक आहेच, हार्लनच्या कबरीचा दगड पहिल्याच रांगेत आहे, टपरीच्या खिडकीतून दिसतो. मी पातेलं खाली ठेवलं आणि या वेळी पाठ केली नाही. बर्डेट मैदान आडवं तुडवत गेला, फाटकातून आत शिरला आणि दगडाच्या अलीकडेच थबकला. मला आता अंतराचा अंदाज येतो, डॉयल. बरोबर दहा यार्ड होते. बराच वेळ तिथेच उभा होता, मला वाटलं आता माघारी फिरतो. मग त्याने टोपी काढली आणि उरलेलं अंतर चालून गेला.

आर्डिस